तयार कपडा, सहीचा कागद आणि मानवी हक्क

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



आंतरराष्ट्रीय कायदा आणि मानवी हक्क हा विषय उच्चारताच सामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर हेगचे न्यायालय, जिनीव्हाची सभागृहे आणि काळ्या झग्यातील विधिज्ञ उभे राहतात. हा विषय वकिलांचा आणि राजदूतांचा. दुकानाच्या गादीशी आणि कापडाच्या ताग्याशी त्याचा काय संबंध, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु गेल्या पंधरा वर्षांत या कायद्याला जे महत्त्वाचे वळण लागले, त्याच्या मुळाशी कापडाचाच धंदा आहे. माल विकत घेणाऱ्याची जबाबदारी बिल चुकते केल्यावर संपते, की तो माल ज्या हातांनी तयार झाला त्या हातांपर्यंत पोहोचते, हा तो प्रश्न होय. व्यापाऱ्यांच्या समाजाने ज्याचा विचार केलाच पाहिजे, असा हा प्रश्न आहे.

प्रथम पार्श्वभूमी पाहू. दुसऱ्या महायुद्धातील भीषण संहारानंतर संयुक्त राष्ट्रसंघाने १० डिसेंबर १९४८ रोजी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्यात ३० कलमे आहेत. पहिल्या कलमाच्या मूळ मसुद्यात 'सर्व पुरुष' असाही अर्थ निघेल असा शब्द होता. त्याऐवजी 'सर्व मानव' असा निःसंदिग्ध शब्द घालण्याचा आग्रह भारताच्या प्रतिनिधी हंसाबेन मेहता यांनी धरला आणि तो मान्य झाला. याच जाहीरनाम्याच्या २३ व्या कलमात कामाच्या न्याय्य व अनुकूल परिस्थितीचा आणि २४ व्या कलमात विश्रांतीचा हक्क सांगितला आहे. म्हणजे कामगाराचा जीव आणि त्याचा घाम या गोष्टी मानवी हक्कांच्या यादीत प्रारंभापासूनच आहेत. अडचण होती ती वेगळीच. आंतरराष्ट्रीय कायदा प्रामुख्याने राष्ट्रांना बांधतो. करार राष्ट्रे करतात आणि ते मोडल्याचा जाबही राष्ट्रांनाच विचारला जातो. व्यापार मात्र राष्ट्रे करीत नाहीत, कंपन्या करतात. कायद्याच्या या दोन टोकांमधील पोकळीत किती माणसे गाडली जाऊ शकतात, हे २०१३ साली जगाने पाहिले.

बांगलादेशची राजधानी ढाका येथून जवळच सावर नावाचे गाव आहे. तेथे राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत होती. खाली दुकाने आणि एका बँकेची शाखा, वरच्या मजल्यांवर तयार कपड्यांचे पाच कारखाने. इमारतीला परवानगी होती ती दुकाने व कार्यालये यांसाठी. वरचे मजले परवानगीवाचून चढविले होते आणि त्यांवर शिलाई यंत्रांचा व वीजनिर्मितीच्या जड जनरेटरांचा भार होता. २३ एप्रिल २०१३ रोजी खांबांना आणि भिंतींना मोठमोठ्या भेगा पडल्या. पाहणी करणाऱ्या अभियंत्याने इमारत धोक्याची असल्याचे सांगितले. बँकेने आपल्या कर्मचाऱ्यांना घरी पाठविले. दुकाने बंद झाली. कारखान्यांतील कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर येण्याचा निरोप गेला.

२४ एप्रिलची ती सकाळ विचार करावयास लावणारी आहे. कामगार, ज्यांत बहुसंख्य तरुण मुली होत्या, इमारतीबाहेर घुटमळत उभे होते. भेगा त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. आत जाण्याची त्यांची इच्छा नव्हती. आत न गेल्यास पगार कापला जाईल, अशी धमकी मिळाल्याचे पुढे वाचलेल्या कामगारांनी सांगितले. त्या वेळी त्या देशातील तयार कपड्यांच्या धंद्यात किमान वेतन महिना ३,००० टका होते. महिनाअखेर जवळ आलेली, घरी भाडे आणि दाणागोटा यांची चिंता. शेवटी ते आत गेले. नऊच्या सुमारास वीज गेली, वरच्या मजल्यांवरील जनरेटर सुरू झाले, त्यांच्या कंपनांनी इमारत हादरली आणि दोन मिनिटांच्या आत ती पत्त्यांच्या बंगल्यासारखी बसली. १,१३४ माणसे मृत्युमुखी पडली आणि सुमारे २,५०० जखमी झाली. कित्येकांना ढिगाऱ्यातून सोडविण्यासाठी त्यांचे हातपाय कापावे लागले. शिवणकाम करणारी एक तरुणी १७ व्या दिवशी ढिगाऱ्याखालून जिवंत निघाली, एवढाच त्या अंधारातील एक किरण.

बँकेचा कारकून वाचला आणि शिवणारी मुलगी गेली, असे का घडले? दोघांनाही भेग दिसत होती. ज्ञानात फरक नव्हता. फरक एवढाच की बँकेच्या कर्मचाऱ्याच्या वतीने 'नाही' म्हणणारे कोणी तरी होते आणि कारखान्यातील मुलीच्या वतीने कोणीच नव्हते. त्या पाचही कारखान्यांत कामगार संघटना नव्हती. मानवी हक्क या शब्दाची व्याख्या ग्रंथांत कशीही केलेली असो, सावरच्या त्या दारापाशी तिचा अर्थ अगदी साधा होता. दुबळ्यातल्या दुबळ्या माणसाला, पोटाला चिमटा न बसता, 'मी आत जाणार नाही' असे म्हणता येणे, हाच तो हक्क.

ढिगाऱ्यातून निघालेल्या कपड्यांवर युरोप-अमेरिकेतील नामांकित कंपन्यांच्या चिठ्ठ्या होत्या. त्या कंपन्या कायद्याने जबाबदार होत्या काय? कायद्याचे तेव्हाचे उत्तर होते, नाही. कारखाना त्यांच्या मालकीचा नव्हता, कामगार त्यांचे नोकर नव्हते, इमारत त्यांनी बांधली नव्हती. त्यांनी केवळ माल मागविला होता. शिवाय त्या इमारतीतील काही कारखान्यांची 'सामाजिक तपासणी' बाहेरच्या संस्थांकडून आधी झालेली होती. तपासणीच्या कागदात अनेक रकाने होते. इमारत उभी राहील की नाही हा रकाना मात्र त्यांत नव्हता.

याबाबत विचार सुरू झालेला नव्हता असे नाही. हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जॉन रगी यांनी अनेक वर्षांच्या अभ्यासातून उद्योग आणि मानवी हक्क यांविषयी ३१ मार्गदर्शक तत्त्वे तयार केली होती आणि जून २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क परिषदेने ती एकमताने स्वीकारली होती. त्यांचा गाभा तीन वाक्यांत सांगता येतो. राष्ट्राने माणसांच्या हक्कांचे रक्षण करावे. कंपनीने, कायदा दुबळा असला तरीही, त्या हक्कांचा आदर राखावा आणि आपल्या व्यवहारामुळे कोणाला इजा पोहोचते काय याची दक्षता घ्यावी. आणि ज्याला इजा झाली त्याला दाद मिळावी. तत्त्वे उत्तम होती, परंतु ती बंधनकारक नव्हती. ती स्वीकारल्यापासून दोन वर्षांच्या आत राणा प्लाझा कोसळला. सद्भावना आणि करार यांतील अंतर ते हेच.

हे अंतर प्रत्येक व्यापारी जाणतो. तोंडी शब्दावर धंदा चालतो तो ओळखीच्या पेढीशी. दूरदेशीच्या अनोळखी पार्टीशी व्यवहार करावयाचा तर कागद लागतो, त्यावर सही लागते आणि मतभेद झाल्यास निवाडा कोणी करावा हेही आधीच लिहावे लागते. मे २०१३ मध्ये, ढिगारा उपसण्याचे काम संपते न संपते तोच, नेमके असे एक कागदपत्र तयार झाले. कपडे विकणाऱ्या जागतिक कंपन्या एका बाजूला आणि आंतरराष्ट्रीय कामगार महासंघ दुसऱ्या बाजूला अशा दोन पक्षांत तो करार झाला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा प्रतिनिधी तटस्थ अध्यक्ष झाला. 'बांगलादेश ॲकॉर्ड' या नावाने तो ओळखला जातो. पुढे २०० हून अधिक कंपन्यांनी त्यावर सह्या केल्या आणि सुमारे १,६०० कारखाने त्याच्या कक्षेत आले.

या करारातील कलमे व्यापाऱ्याच्या नजरेने वाचण्यासारखी आहेत. तपासणी स्वतंत्र अभियंत्यांनी करावयाची आणि तिचे अहवाल सर्वांसाठी खुले ठेवावयाचे. दुरुस्तीचा खर्च कारखानदाराला झेपेल अशी व्यवस्था करण्यास खरेदीदाराने हातभार लावावयाचा. केवळ हुकूम सोडून मोकळे व्हावयाचे नाही. जो कारखानदार दुरुस्ती करण्यास नकार देईल त्याच्याकडील खरेदी बंद. कामगाराला धोक्याच्या जागी काम नाकारण्याचा हक्क, आणि तोही पगार न कापता. शेवटचे कलम सर्वांत मोलाचे. कोणा कंपनीने वचन मोडल्यास तिला लवादापुढे खेचता येईल आणि लवादाचा निवाडा तिच्या स्वतःच्या देशातील न्यायालयामार्फत वसूल करता येईल.

हे कलम शोभेचे नव्हते. २०१६ साली कामगार महासंघांनी दोन जागतिक कंपन्यांविरुद्ध हेग येथील स्थायी लवाद न्यायालयाकडे दोन प्रकरणे दाखल केली. कारखान्यांची दुरुस्ती मुदतीत होण्यासाठी या कंपन्यांनी करारानुसार जे करावयास हवे होते ते केले नाही, अशी तक्रार होती. डिसेंबर २०१७ आणि जानेवारी २०१८ मध्ये तडजोडी झाल्या. दुसऱ्या तडजोडीत कंपनीने दीडशेहून अधिक कारखान्यांतील दुरुस्तीसाठी व कामगारांच्या निधीसाठी मिळून २३ लाख डॉलर देण्याचे मान्य केले. राष्ट्रांचे तंटे जेथे सुटतात अशा इमारतीत ढाक्याच्या शिवणकाम करणाऱ्या मुलींच्या जिन्याचा आणि दाराचा प्रश्न मांडला गेला, ही घटना आंतरराष्ट्रीय कायद्याच्या इतिहासात नोंद घेण्यासारखी आहे.

याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवून पाहावे. मृतांच्या वारसांना आणि जखमींना भरपाई देण्यासाठी ३ कोटी डॉलरचा निधी उभारावयाचा ठरले. किती द्यावे याचे गणित श्रम संघटनेच्या निकषांवर काटेकोर मांडले गेले. परंतु कोणी किती द्यावे हे मात्र ऐच्छिक होते. परिणामी ती रक्कम पूर्ण होण्यास जून २०१५ उजाडला. ज्या घरातील कमावती मुलगी गेली, त्या घराने दोन वर्षे कशी काढली असतील? जेथे करार होता तेथे दुरुस्ती झाली. जेथे केवळ औदार्य होते तेथे वाट पाहावी लागली. दान ही मोठी गोष्ट आहे, पण जे देणे आहे त्याला दान म्हणून चालत नाही. खतावणीत दोन्हींची पाने वेगळी असतात.

कायद्याची मर्यादा दाखविणारे आणखी एक उदाहरण कराचीचे. तेथील बल्दिया भागातील तयार कपड्यांच्या कारखान्याला ११ सप्टेंबर २०१२ रोजी आग लागली आणि २५० हून अधिक कामगार मरण पावले. आग खंडणीसाठी मुद्दाम लावलेली होती, असे तेथील न्यायालयाने २०२० मध्ये ठरविले. तथापि बंद दारे आणि गजांच्या खिडक्या यांमुळे माणसे आत अडकली, हेही तितकेच खरे. या कारखान्याला सुरक्षिततेचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळून काही आठवडेच झाले होते. मुख्य खरेदीदार जर्मनीतील होता. पीडितांपैकी चौघांनी त्याच्याविरुद्ध जर्मनीतील डॉर्टमुंडच्या न्यायालयात दावा लावला. जानेवारी २०१९ मध्ये तो फेटाळला गेला, कारण इजा पाकिस्तानात झाली असल्याने कायदाही पाकिस्तानचाच लागू होता आणि त्या कायद्यानुसार दाव्याची मुदत टळलेली होती. खरेदीदाराचा दोष होता की नव्हता, या प्रश्नापर्यंत न्यायालयास जावेच लागले नाही. माल सीमा सहज ओलांडतो, न्यायाला मात्र प्रत्येक सीमेवर अडविले जाते.

ही भिंत फोडण्याचे प्रयत्न चालू आहेत. फ्रान्सने मार्च २०१७ मध्ये मोठ्या कंपन्यांवर दक्षतेचे कायदेशीर कर्तव्य घातले. जर्मनीने २०२१ मध्ये पुरवठा साखळीचा कायदा केला आणि तो १ जानेवारी २०२३ पासून अंमलात आला. युरोपीय संघाने २०२४ मध्ये सर्व सदस्य देशांसाठी निर्देश संमत केला. परंतु उद्योगांच्या तक्रारी वाढताच २०२५ मध्ये त्याची अंमलबजावणी पुढे ढकलण्यात आली. मानवी हक्क परिषदेत जून २०१४ मध्ये बंधनकारक जागतिक कराराच्या बाजूने २० आणि विरुद्ध १४ मते पडली. भारताने बाजूने मत दिले. पण त्यानंतर दहा वर्षे वाटाघाटी होऊनही करार पुरा झाला नाही. दुसरीकडे काही पाऊल पुढेही पडले. जून २०२२ मध्ये सुरक्षित व आरोग्यदायी कार्यस्थळाला आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने मूलभूत हक्कांच्या पंक्तीत बसविले, आणि २०२३ पासून पाकिस्तानातही बांगलादेशच्या धर्तीवर करार सुरू झाला.

येथे व्यापाऱ्याच्या मनात एक शंका येते आणि ती रास्त आहे. हे सारे नियम श्रीमंत देशांचे. गरीब देशांचा स्वस्त माल अडविण्याची ही नवी युक्ती तर नव्हे? जो खरेदीदार दर सदऱ्यामागे चार आणे कमी करा म्हणून अडून बसतो, तोच दुसऱ्या हाताने सुरक्षिततेची यादी पुढे करतो. मग तो खर्च कोणी सोसावा? दर ठरविणाऱ्याने जबाबदारीचा भाग उचलला नाही तर सारा बोजा लहान कारखानदारावर आणि त्याच्यामार्फत कामगारावरच येऊन पडतो.

या शंकेचे उत्तर मुंबईच्याच इतिहासात सापडते. १८८१ साली भारतात पहिला फॅक्टरी कायदा झाला, तेव्हा मुंबईचे गिरणीमालक हेच म्हणत होते की लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना मुंबईची स्पर्धा नकोशी झाली म्हणून हा कायदा आला. त्यात तथ्यही होते. परंतु त्याच मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेऊन सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारपुढे ठेवला. मागण्या काय होत्या? आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, वेळेवर पगार आणि काम करताना इजा झाल्यास भरपाई. या मागण्या लँकेशायरच्या नव्हत्या. त्या परळ-लालबागच्या घामातून आल्या होत्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली. सांगणाऱ्याचा हेतू शुद्ध नसेल, पण तेवढ्याने मागणाऱ्याचा हक्क खोटा ठरत नाही. हेतूची चिकित्सा अवश्य करावी, दराबाबत भांडावे, खर्चाची वाटणी मागावी. मात्र दाराचे कुलूप तोपर्यंत बंद ठेवू नये.

जैन श्रावकाचाराला तर हा विचार परका नाहीच. कर्माचा हिशेब मांडताना कृत, कारित आणि अनुमोदित असे तीन भाग सांगितले आहेत. स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करविलेले आणि होत असताना संमती दिलेले. आज जगातील कायदेपंडित पुरवठा साखळीतील जबाबदारी म्हणून ज्याची चर्चा करतात, ती 'कारित' आणि 'अनुमोदित' यांचीच चर्चा आहे. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत 'अतिभारारोपण' हा एक अतिचार आहे. मुक्या जनावरावर शक्तीबाहेर ओझे लादणे हा जर दोष, तर माणसाच्या पाठीवर लादणे हा दोष नव्हे काय? आणि सावरच्या इमारतीवर चढविलेले मजले हेही एका अर्थाने अतिभारारोपणच होते.

हा प्रश्न केवळ परदेशातला नाही. मे २०२५ मध्ये सोलापूरच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागून ८ जण मृत्युमुखी पडले. त्यांत कामगार होते, तसेच कारखान्याचे मालक आणि त्यांच्या घरातील माणसेही होती. आग मालक आणि मजूर असा भेद करीत नाही. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा करून हमालाच्या पाठीवरील ओझ्याला हक्काची जोड दिली, हेही येथे अभिमानाने सांगितले पाहिजे. परंतु कायदा पुस्तकात असतो आणि गोदाम गल्लीत असते.

म्हणून हेगपर्यंत जाण्याआधी प्रत्येक पेढीने आपल्या गोदामाच्या दारापर्यंत जावे. जिन्यात गठ्ठे रचून वाट अडविलेली नाही ना? रात्रपाळीचा माणूस आत असताना बाहेरून कुलूप पडत नाही ना? उघड्या तारा, जुना फ्यूज, तळघरातील शिलाई यंत्रे, यांकडे शेवटचे कधी पाहिले गेले? बाहेर शिलाईस दिलेला माल कोणत्या खोलीत, कोणत्या वयाच्या हातांनी शिवला जातो? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दुकानातील लहानातला लहान नोकर 'शेठजी, इथे धोका आहे' असे सांगावयास धजतो काय? त्याने सांगितले तर त्याचे ऐकून घेतले जाते, की त्याचा खाडा मांडला जातो?

संस्थेची ५० वर्षे पूर्ण होत असताना मागे वळून पाहणे हे जितके उचित, तितकेच पायाखालचा आधार तपासणेही उचित. इमारत कोसळण्यापूर्वी भेग दिसते. सावरमध्ये ती एक दिवस आधी दिसली होती आणि तिच्यावर बोट ठेवणारे लोकही होते. उणीव होती ती त्यांचे ऐकण्याची. माणसाचे ऐकावे, त्याला ऐकविण्याचा हक्क असावा आणि न ऐकणाऱ्यास जाब विचारता यावा, एवढ्यासाठीच हा सारा आंतरराष्ट्रीय कायद्याचा खटाटोप आहे.

अंगावरचा सदरा चढविताना त्याच्या शिवणीवरून एकवार बोट फिरवावे. ती शिवण कोणीतरी घातली आहे. ते माणूस आज संध्याकाळी सुखरूप घरी पोहोचावे, एवढी भावना मनात जागी राहिली आणि तिला व्यवहारात सहीचे बळ मिळाले, तर या व्याख्यानाचा हेतू सफल झाला असे होईल.

जय जिनेंद्र!